अक्कानी देखा का?

बातमी आली तेव्हा मी धुळ्याच्या बसस्थानकावर धरणगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. खिशात पेनड्राइव्ह, पिशवीत अक्काच्या आवडीची शेव. वंदनाताईंचा फोन आला. त्या धरणगावात अक्काच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका. "भाऊ, आता घाई करू नका..." एवढंच म्हणाल्या आणि मला कळलं. सुमनअक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. जन्मभर अंगणवाडीत पोरं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, घराच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या लहानग्यांना भिंतीवर सिनेमा दाखवू लागली. प्रोजेक्टर माझा, सिनेमे माझे, निकाल मात्र तिचा. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले.

मी धुळ्यात कॉलेजात शिकवायचो, तिथलं फिल्म मंडळ चालवायचो, त्यामुळे सिनेमातलं मला कळतं असा माझा पक्का समज होता. अक्काने तो एका पाटावर बसून खोडून काढला. शनिवारच्या आदल्या दिवशी ती खिडक्यांना जुन्या चादरी लावायची, भिंतीपासून तीन पावलांवर लाकडी पाट ठेवायची आणि त्यावर मांडी घालून अख्खा सिनेमा पाहायची. मी खुर्ची पुढे केली की म्हणायची, खुर्चीवरून भिंत लहान दिसते. मग तोच सिनेमा पुन्हा, या वेळी डोळे मिटून, नुसता ऐकायचा. कशाला, म्हणून मी एकदा वैतागून विचारलं. "पोरे डोया मिटी लेतस," ती म्हणाली, "कान कसा मिटतीन?" मी कौतुकाने आणलेले कितीतरी सिनेमे तिने असे परत पाठवले. "तुना पिच्चर चांगला शे, पन पोरेसना नही." माझा राग नाकावर. एकदा तर चहा न घेता पाचच्या गाडीने निघून आलो होतो. पुढच्या महिन्यात मुकाट्याने नवा पेनड्राइव्ह घेऊन हजर झालो, कारण अक्कावर रुसून जमत नसे.

पोरांना हे सगळं ठाऊक होतं. दिवा मालवायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, "अक्कानी देखा का?" पाटावरून एक हात वर व्हायचा. "बठ्ठा देखा." म्हणजे अख्खा पाहिला. मग पोरं निवांत पाय पसरून बसायची. पडद्यावर मगर येवो की वीज कडाडो, अक्काने आधी पाहिलंय ना, मग झालं.

तरीही एकदा आम्ही चुकलो, आणि दोघंही चुकलो. अस्वलाच्या कुटुंबाचा गमतीचा सिनेमा होता. भांडण नाही, भूत नाही, मरण नाही. दोनदा पाहून अक्काने हसत पसंत केला होता. दिवाळी नुकतीच झाली होती. सिनेमात अस्वलं घर बदलतात. भांडी, गाद्या, खाट भरलेला ट्रक धूळ उडवत निघतो. पंधरा सेकंदांचं दृश्य असेल. पण ट्रक हलला आणि चार पोरं उठून दाराकडे पळाली. त्यांचे आई-बाप त्याच आठवड्यात ऊसतोडीला गेले होते, अशाच ट्रकमधून, अशाच गाद्या घेऊन. चार वर्षांची आरोही उंबऱ्यावर उभी राहून विचारत होती, "मनी माय कव्हय येई?" अक्काने सिनेमा बंद केला. कुणाला घरी पाठवलं नाही. चारही घरांचे नंबर मिळवले आणि एकेका आईला फोन लावून आवाज मोठा केला. फडातून आया बोलत होत्या, मागे कोयत्यांचा आवाज येत होता, आणि बाकीची पोरंही त्या दुसऱ्यांच्या आयांना जेवलीस का म्हणून विचारत होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण अक्काने सिनेमे काही बंद केले नाहीत. पाटावर बसण्याआधी ती आता गल्लीत फिरून यायची. कोण गावाला गेलं, कुणाचा बाप दवाखान्यात आहे, कुणाकडे नवं बाळ आलं... सगळं विचारून झाल्यावरच सिनेमा. मी मात्र वय विचारायचो, पाच वर्षांच्याला चालेल की सातच्याला, आणि ती मला हसायची.

शेवटचं भेटलो तेव्हा तिला धाप लागत होती. मी आणलेला सिनेमा एका नातीचा आणि तिच्या आजीचा. त्यात आजी वारते. "आजी खाटवर पडस तठपावत देखा, भाऊ. पुढलं तू देख आनि माले सांग." मी हो म्हणालो आणि कामाच्या गडबडीत पाहिला नाही. याची बोचणी मला अजून आहे.

तेराव्यानंतर वंदनाताईंनी विचारलं, शनिवारचं काय? मी सोपा मार्ग काढला. काहीतरी हसरं लावू, म्हटलं. पण आधी गल्लीत फिरलो, अक्काची रीत म्हणून. तेव्हा समजलं, घरोघरी पोरांना सांगितलं होतं की अक्का धुळ्याला गेली. धुळ्याची गाडी आली की पोरं फाट्यावर जाऊन उभी राहत होती. मीही त्याच गाडीने आलो होतो. माझ्या मागून कुणी उतरतंय का, म्हणून आरोहीने वाकून पाहिलं होतं. तो प्रसंग आठवून मला माझीच लाज वाटली.

त्या दुपारी मी चादरी लावल्या आणि पाटावर बसलो. गुडघे बोलले. खरंच, तिथून भिंत फार उंच दिसते. आजी वारते, घर रडतं, आणि नात दुसऱ्या दिवशी आजीच्या वेलीला पाणी घालायला जाते. आधी डोळे उघडे ठेवून पाहिला, मग मिटून ऐकला. मिटलेल्या डोळ्यांतूनही पाणी आलं, ते तसंच येऊ दिलं. मग वंदनाताईंना घेऊन पुन्हा घरोघर गेलो. पोरांना खरं सांगू द्या, म्हणून आयाबायांना विनवलं. एक-दोघी कुरकुरल्या, पण तयार झाल्या.

शनिवारी पोरांना जवळ बसवून सांगितलं. अक्का वारली, धुळ्याला गेलेली नाही, ती आता येणार नाही. थोडी रडारड झाली. एकाने विचारलं, तिचा पाट कुणाचा? कुणाचाच नाही, म्हटलं, तो तिथेच राहील. मग मी विचारलं, सिनेमा पाहायचा का? त्यात एक आजी वारते. माना हलल्या. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि आरोहीने विचारलं, "अक्कानी देखा का?"

माझा हात तिथेच थांबला. "अर्धा देखा," मी म्हणालो.

"मंग पुढला कोनी देखा?"

"मी देखा. बठ्ठा."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग रिकाम्या पाटाकडे पाहिलं. पाटाला चिकटून बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "मंग लाव."