पाच बोटांचं सासर

ओट्यावर फडकं पसरलं, तरी ती लगेच बांगड्यांच्या माळा काढायची नाही. आधी उजवा हात मांडीवर पालथा ठेवायची आणि डाव्या हातानं एकेक बोट दाबत विचारायची, "काय हो सासूबाई, उठता का आज? नणंदबाई, तुमचं काय? का अजून आंथरुणातच?"

तिच्या हातांत वात होता. सांधे सुजून बोटं बाभळीच्या शेंगांसारखी झाली होती. बाई मनियारीण, बांगड्या भरून पोट भरणारी, आणि रोग झाला तो नेमका हातालाच. मी असते तर देवाला शिव्या दिल्या असत्या. तिनं बोटांना नाती दिली.

पहिलं बोट सासू, कारण ते सदा दुसऱ्यावर रोखलेलं. मधलं मोठी जाऊ, उंचीचा तोरा म्हणून. त्याच्या शेजारचं नणंद, त्याला अंगठी पाहिजेच. करंगळी धाकटा दीर, कामाला मागं आणि ताटाला पुढं. अंगठा नवरा. "बुटका हाये, बाजूले उभा रायते, पण त्याच्याबिगर काही धरता येत नाई."

"आन् डावा हात?" बायका विचारायच्या.

"ते माहेर. तिथलं मी कोणाले सांगत नाई."

ती रोहिणखेडची. पंधरा दिवसांनी एकदा डोक्यावर टोपली घेऊन पायी यायची. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा. आमच्या घरातल्या बायकांना दोघांचंही काम पडायचं नाही. खालाचं पडायचं.

तिच्या लेकानं तिला एकदा बुलढाण्याच्या डॉक्टरकडं नेलं. हा वात जाणार नाही, हाताला आराम द्या, असं त्यानं सांगितलं. ही गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. "म्या त्याले म्हटलं, बाबा, माह्या सासरी नऊ माणसं होती. एकबी सुधरलं नाई. पण नवाच्या नवाकडून म्या काम करून घेतलं. हे तं पाचच हायेत!"

यानं तिचं दुखणं कमी व्हायचं नाही, हे मी आधीच सांगते. एकदा मी आमच्या गोठ्यामागं गेले, तर ती माझ्या आईनं दिलेल्या कढत पाण्यात दोन्ही हात बुडवून रडत बसलेली. मला पाहून म्हणाली, "पाहू नको वं पोरी. घरचं भांडन चालू हाये. तू जाय." मी गेले. घटकाभरानं तीच बाई ओट्यावर बसून माझ्या चुलतीला हसवत होती.

मग माझं लग्न ठरलं. आमच्याकडची रीत अशी, की नवरीचा चुडा जी भरेल, त्या घराचे हात पुढंही तिचेच. आणि आमच्या घराकडं पाहून अर्धं गाव हात पुढं करायचं. म्हणजे माझा चुडा गेला, तर खालाचं गाव गेलं. हे तिलाही माहीत होतं आणि माझ्या आईलाही.

माझी आत्या चिखलीला दिलेली. लग्नाला आठ दिवस आधी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "वाकड्या बोटांनी नवरीचा चुडा? पोरीचा संसार वाकडा करता काय?" तिनं येताना चिखलीचा एक तरणा कासार गाडीत घालूनच आणला होता. नणंदेपुढं माझ्या आईचं तोंड कधी उघडायचं नाही.

चुड्याच्या दिवशी खाला आली. फडक्यात बत्तासे होते आणि टोपलीत माझ्यासाठी बाजूला काढलेल्या हिरव्या बांगड्या. कासार बसलेला तिनं पाहिला. "बरं," एवढंच म्हणाली आणि टोपली मांडीआड करून लिंबाखाली बसली.

तुम्ही बांगड्या भरून घेतल्या असतील, तर तुम्हाला माहीत आहे की सगळा खेळ अंगठ्याच्या हाडापाशी असतो. माझे हात कपाशीच्या पराट्या उपटून फळीसारखे झालेले. त्यात आत्याचा हट्ट, "बारीक भर. सैल चुडा भिकारड्या घरचा दिसते." कासारानं साबण लावला, तेल लावलं. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटली आणि माझ्या हातातून रक्त आलं. नवरीच्या हातावर तीन बांगड्या फुटाव्या!  मांडवातल्या एका म्हातारीनं राम राम म्हणायला सुरुवात केली.

कासार घाम पुसत म्हणाला, "पोरीच्या हातातच दोष हाये."

इतके दिवस गप्प बसलेली माझी आई तेव्हा बोलली. "हातात काही दोष नाई. खालाले बोलवा."

खाला आली. ओढणीनं माझं रक्त पुसलं. मग उजवा हात मांडीवर ठेवून एकेकाला रीतसर विचारलं. "सासूबाई, उठा. लेकीचं काम हाये." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तिनं आपलं वाकडं बोट आकड्यासारखं माझ्या अंगठ्याखाली घातलं आणि अंगठा तळव्यात दुमडला. कासाराचं सरळ बोट तिथून निसटत होतं. हिचं अडकलं ते निघेना.

"हात ढिला सोड," ती म्हणाली.

"ढिलाच आहे."

"खोटं बोलतं. बरं, सांग, या मांडवात तुले सगळ्यात जास्त राग कोणाचा येते?"

"आत्याचा!" मी म्हणाले. हळू बोलायची सवय मला तेव्हाही नव्हती.

मांडव फुटेल एवढं हसू झालं. कासारही हसला. मलाही हसू आलं आणि खाली पाहते तर बांगडी मनगटात.

"काऊन राग येते?" खालानं दुसरी उचलली. मी कारण सांगितलं, तोवर तीही आत. पुढं प्रत्येक बांगडीला मी आत्याचा एकेक गुण सांगत गेले. बांगड्या संपल्या, कारणं उरली.

मी उठून खालाला नमस्कार केला. आत्या तोंड फिरवून बसली होती. पण दिवस कलायच्या आत तिनंच आपला हात खालापुढं केला. "माह्याबी भर."

खालानं आपली बोटं एकेक दाबून पाहिली. "मोठी जाऊ नाई म्हणून राह्यली. थांबा, समजावून पाहते." मग भरल्या. आत्या दर बांगडीला ओरडली. रक्त काही आलं नाही, त्यामुळं मुद्दाम केलं असं म्हणता येत नाही.

मला जवळच्याच गावात दिलं होतं, तिथंही ती यायची. पुढं तिच्या बोटांतली सासू उठेनाशी झाली, मग मोठी जाऊ. तेव्हा बांगड्या तिची सून भरू लागली आणि खाला नुसती शेजारी बसून नवऱ्या मुलींना विचारायची, "राग कोणाचा येते?" दहा गावांची भांडणं तिच्या पोटात होती. एकही बाहेर आलं नाही.

एका पंधरवड्याला सून एकटीच आली. खाला गेली होती. मी हात पुढं केला. तिची बोटं सरळ आहेत. त्या दिवशी तिनं दोन बांगड्या फोडल्या.

आता वात माझ्याकडं आला आहे. सकाळी मूठ उघडत नाही. खालाचं ते बोलणं मला कायम पोरकटपणा वाटत आलं आणि अजूनही वाटतं. दुखायचं ते दुखतंच. पण भाकरी थापायची तर मूठ उघडावी लागते, आणि शिव्या देऊन ती उघडत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

म्हणून ओट्यावर बसते. हात मांडीवर पालथा ठेवते. मधलं बोट सगळ्यांत जास्त छळतं. त्याला आधी विचारते,

"काय वं आत्या, उठतं का आज?"

कुरकुरत, उशिरा, पण उठते.