झाकणावरचं पाणी

आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि आप्पांना तापानंतर अन्न जाईना, म्हणून मला कापूरहोळहून उत्रोलीला माहेरी यावं लागलं. आप्पा पेज बघून तोंड फिरवत, खिचडी ताटात तशीच ठेवत. अंग निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. आप्पांनी मागितला गावरान कोंबडा, परसातल्या चुलीवर सावकाश शिजवलेला. "तुझी आई करती तसा."

आई माळकरी. गळ्यात माळ पडल्यापासून ती कोंबडी-मटण तोंडात घालत नाही, पण आप्पांसाठी रांधून देते. त्यासाठी परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं. त्या दिवशी ती चुलीपासून लांब खुर्ची टाकून बसली आणि माझा छळ सुरू झाला.

कुकर चालणार नाही. मिक्सर चालणार नाही, वाटण पाट्यावरच. खोबरं आणखी भाज. जाळ बारीक कर. एवढा बारीक नको. झाकण उघडू नको, त्याच्यावर ताटलीत पाणी ठेव, रस्सा आटला तर तेच गरम पाणी घाल. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. भोरच्या बाजारातून आणलेला तो कोंबडा इतका जून निघाला, की दुपार टळली तरी तंगडी दगडासारखी. आप्पा मधूनमधून काठी टेकत दारात येत, वास घेत आणि परत जात. माझा जीव आणखी कातावत होता.

"मीठ किती घालू?"

"अंदाजानं."

"आगं, पण किती?"

तिनं डाव्या हाताची बोटं जुळवून दाखवली. मी तेवढं घातलं आणि चाखलं. अगदी अळणी. आणखी थोडं घातलं.

"बास कर," आई म्हणाली.

"आळणी हाय गं."

"आसू दे."

मला संताप आला. जिनं इतकी वर्षं चव घेतली नाही, ती मला मीठ शिकवणार. मी तिच्यादेखत आणखी एक चिमूट टाकली. मग चव जमली. खरं सांगते, फार चांगली जमली. मांसही अखेर मऊ पडलं होतं.

आप्पांना परसातच पाटावर बसवून वाढलं. त्यांनी भाकरीचा एक घास रश्शात बुडवून खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"खारट झालंय."

मी पुन्हा चाखलं. "आप्पा, तापानं तुमच्या तोंडाची चव गेलीया. मीठ बरोबर हाय."

"आसंल. पर तिचं आसं नसतं."

"माझं कसं आसतं?" आईनं विचारलं.

"आळणी."

आई बघतच राहिली. "मंग मीठ मागून घ्यायचं की. म्या काय न्हाई म्हनले आसते व्हय?"

"तुला चाखता येत न्हाई, खारट व्हईल म्हनून तू हात आखडतीस. ते काय मला कळत न्हाई? मागितलं आसतं तर तू जिवाला लावून घेतलं आसतंस. आता मला तीच सवय झालीया."

आई उठली, डाव्या हातात फडकं घेतलं आणि झाकणावरच्या ताटलीतलं सगळं गरम पाणी माझ्या रश्शात ओतलं. सबंध दिवस मी धुरात काढला होता, तो असा पाण्यात गेला. मला ओरडावंसं वाटलं. पण आप्पांनी ताट पुन्हा पुढं ओढलं होतं. भाकरी कुस्करली, त्यावर रस्सा घेतला, आणि तापानंतर पहिल्यांदाच त्यांनी अख्खी भाकरी संपवली. वर आणखी रस्सा मागितला.

ते हात धुऊन घरात गेले. माझी धुसफूस चालूच होती. मी आदळआपट करत भांडी गोळा करू लागले, तर आई पातेल्याशी वाकून उभी. माळ घातल्यापासून जे कधी विचारलं नव्हतं, ते तिनं हळूच विचारलं.

"चाखून बघ गं. लईच आळणी हाय का?"

मी बोट बुडवून चाखलं. मिठाचा पत्ताच नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले. "बरोबर झालंय."