डोहाची धार

मी नाशिक शहरात वाढले आणि लग्न होऊन बागलाणात, नदीकाठच्या एका गावात आले. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. तिथली शेती बंधाऱ्याच्या पाण्यावर. बंधारा साऱ्या गावाचा, पाटाचं पाणी पाळीपाळीनं, आणि ते सोडायचं काम आमच्या घरात. माझे यजमान गावाचे पाटकरी. माणूस देवगुणी, पण हातात घेतलेलं काम अर्धं सोडतील तर शपथ.

उन्हाळा लागला की बंधाऱ्याच्या दगडांतल्या फटी चिखल आणि पेंढ्यानं बुजवायच्या. फक्त मधली एक फट बुजवायची नाही, असा जुना रिवाज होता. तिच्यातून मनगटाएवढी धार खालच्या डोहात पडे. डोहावर एक विधवा भोईण राहायची, पदरात दोन लेकी. नदी आटली की सगळे मासे त्या डोहात येऊन राहत. ती जाळ्यानं, नाहीतर काठाच्या कपारींत हातानं चाचपून, पोटापुरते धरी, अंड्यांवर आलेल्या माद्यांना हात लावत नसे. पावसाळ्यात त्यांचीच पिल्लं नदीभर होत.

एका वर्षी आदला पाऊस कमी झालेला, ऊस करपायला लागला. गाव बसलं आणि ठरलं, तीही फट बुजवा. यजमान आधी नको म्हणाले, मग आमच्याच उसाकडे बघून गप्प बसले. मीही गप्प बसले. आणि बुजवली ती अशी मन लावून, की थेंब गळेना. लोकांनी पाठ थोपटली.

थोड्याच दिवसांत डोहाचं पाणी कोमट झालं, हिरवं पडलं, वास मारू लागलं. भोईण घरी येऊन सांगून गेली, की वरून धार पडते म्हणून पाणी जितं राहतं, थोडं तरी सोडा. यजमान म्हणाले, एवढी पाळी होऊ दे, मग बघू. ती पाळी झाली आणि दुसरी लागली.

मग एका सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. गाव टोपल्या घेऊन धावलं. हातानं उचलावेत इतके मासे. आमच्याकडेही वाटा आला. मी कालवण केलं आणि खोटं कशाला सांगू, चवीनं खाल्लं. यजमानांनी ताट सरकवलं, फावडं घेतलं आणि बंधाऱ्यावर जाऊन फट मोकळी केली. गावाशी कडाक्याचं भांडण झालं, पण त्यांनी ती पुन्हा बुजवू दिली नाही.

मी त्यांच्या मागोमाग गेले होते. भोईण काठावर बसली होती. पाणी सोडलंय, असं यजमानांनी तिला सांगितलं. चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"पानी उनं भाऊ," ती म्हणाली, "पन आते डोहमा काय शे?" तिची अहिराणी मला एव्हाना कळत होती: पाणी आलं, पण आता डोहात आहे काय?

पाऊस आला, नदी भरून वाहिली, जाळी मात्र रिकामी निघत राहिली. दिवाळीनंतर ती लेकींना घेऊन आमच्याच उसात खुरपायला येऊ लागली. यजमान तिला बघून बांधावरूनच परत फिरत. मजुरांची भाकरी नेणं मला चुकत नव्हतं. एका दुपारी गेले तर ती खुरपं बाजूला ठेवून पाटात हात घालून काठानं चाचपत होती. काय हरवलं, मी विचारलं. तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, काही नाही, हाताला सवय आहे. तिच्या पुढ्यात भाकरी ठेवताना मला वर बघवलं नाही.