आत्याने न लावलेला कॉल

आमची आत्या कोणाचंही बोलणं तीन मिनिटांच्या वर ऐकत नसे. समोरचा वाक्याच्या ऐन मध्यावर असायचा, त्याचे हात हवेत असायचे, आणि आत्या शांतपणे म्हणायची, "तीन मिनिटं झाली." मग ती समुद्राकडे बघायला लागायची. त्यानंतर तुम्ही बोला, रडा नाहीतर गाणं म्हणा, तिच्या लेखी लाइन कट झालेली असायची. सगळी नोकरी तिने रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, तीन मिनिटांच्या हिशेबाचे ट्रंक कॉल गेले, माणसं मोबाइलवर तासन्‌तास बरळायला लागली, पण आत्याची तीन मिनिटं काही बदलली नाहीत. मनगटावर घड्याळ नसायचं. विचारलं तर म्हणायची, "घड्याळ कशाला हवंय? माणूस थापा मारायला लागला की झाली तीन मिनिटं."

त्या हिशेबाने माझी तीन मिनिटं साधारण 'काय आत्या, बरी आहेस ना?' इथेच संपायची.

एक्स्चेंजमधला दुसरा एक नियमही तिने घरी आणला होता. पलीकडून आवाज आल्याशिवाय कॉल लागला असं धरायचं नाही. घंटा कितीही वाजू दे. हा नियम ती नातेवाइकांना लावायची. न आवडणाऱ्या माणसाने लग्नाला बोलावलं की ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही, नुसती बघत राहायची. मागाहून रुसवाफुगवा झाला की म्हणायची, "मी कुठे हुंकार दिला? बोलावणं लागलंच नाही त्याचं." तिला स्वतःला सांगून आलेली तीनचार स्थळंही याच पद्धतीने लागली नाहीत. कारण विचारायची हिंमत माझ्या आईने एकदाच केली. आत्या म्हणाली, "अगो, दिवसभर परक्यांची बोलणी ऐकायची आणि घरी येऊन आणखी एकाची? ओव्हरटाइम कोण देणार त्याचा?"

तुच्छता ही तिची कलाच होती, आणि तिला दर्जे होते. 'हं' म्हणजे सहन करण्याजोगा माणूस. 'असू दे' म्हणजे वाया गेलेला. कौतुकाचा शब्द एकच, 'बरं आहे', आणि तो मला आयुष्यात एकदाच मिळाला. मी आठवडाभर तरंगत होतो. मग कळलं, ती पानातल्या सौंदाळा माशाच्या तिखल्याबद्दल बोलत होती.

संध्याकाळी ती मांडवी बंदराच्या जुन्या धक्क्यावर जाऊन बसायची. आगबोटींच्या काळातला तो धक्का. दगड झिजलेले, कडेला बोटी बांधायचे लोखंडी खुंट, आणि त्यातला एक आत्याचा. शेजारच्या वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या आणि बांगडे-बोंबील वाळत घातलेले. तिथे तिची गाठ पडायची हसनमियां नाखव्याशी. त्यांची होडी, त्यांच्या बापाची होडी, त्यांच्या आज्याची होडी, सगळ्या त्याच वाळूत विसावलेल्या. या दोघांचं भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू होतं.

"आत्याबाय, जरा सरकून बसा, दोर अडकतोय माजा."

"दोर सरकव तुझा. मी आधी आलेय."

"आदी? माजा आजा हितं होता तवा तुमी पाळण्यात पन नव्हताव!"

"म्हणूनच सांगते, तुझ्या आज्याने कधी सरक म्हटलं नाही मला."

हे झालं की हसनमियां दोर दुसरीकडे टाकायचे आणि जाताना तिच्या पिशवीत दोन बांगडे ठेवायचे. आत्या बघितलं न बघितलंसं करायची.

या धक्क्यावर अठ्ठावीस मजल्यांचा मनोरा उभा राहणार, ही बातमी गावात आली ती एका गुळगुळीत पुस्तिकेच्या रूपाने. मनोऱ्याच्या पायाशी श्रीमंतांच्या बोटी ठेवायची गोदी, काचेची दुकानं, समुद्रात घुसणारं हॉटेल. मांडवीची काळी वाळू चित्रात पांढरीशुभ्र केलेली. जिथे हसनमियांची होडी असते तिथे एक गोरी बाई कॉफी पीत होती. मला ती पुस्तिका पाहून, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. आमची रत्नागिरी इतकी देखणी असू शकते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ती उत्साहाने आत्याकडे नेली. ती तळलेले बोंबील काढत होती. तिने पुस्तिका घेतली, उघडून गोऱ्या बाईवर बोंबील ठेवले, थोडा वेळ वाट पाहिली आणि पुस्तिका मला परत दिली.

"तेलसुद्धा शोषत नाही मेलं. वाळू तर धुवून काढलीन. वर्तमानपत्र आण."

कंपनीने शाळेच्या सभागृहात लोकांना माहिती द्यायला सभा घेतली. कंपनीचे साहेब मुंबईहून आले होते. आवाज गोड, नाकाला रुमाल. पडद्यावर चित्रं सरकवत ते म्हणाले, "मित्रहो, आज या जागेवर काहीच नाहीये. आणि हीच तर संधी आहे."

आत्या उभी राहिली. "काहीच नाही?"

"म्हणजे मॅडम, डेव्हलप झालेलं असं काही नाही."

"मग वास कसला येतोय तुम्हांला? आल्यापासून रुमाल काढला नाहीत."

सभागृह हसलं. साहेबही हसले, त्यांना हसण्याचाच पगार असावा. "मच्छीमार बांधवांना आम्ही विसरलेलो नाही," ते म्हणाले आणि नकाशावर एक हिरवा चौकोन दाखवला. तो पार्किंगच्या मागे होता, रस्त्यापलीकडे. होड्यांसाठी राखीव जागा.

हसनमियां मागून म्हणाले, "साहेब, तितं पानी न्हाय. होडी काय रिक्षातना न्यायची?"

साहेबांनी पुढच्या चित्राचं बटण दाबलं. रोजगार, पर्यटन, रत्नागिरीचं जागतिक नाव. शेवटी त्यांनी आत्याकडे वळून अगदी आपुलकीने विचारलं, "मॅडम, तुमची तर इथे जागा नाही, घर नाही, बोट नाही. तुमचं नेमकं काय जातंय?"

"बसायची जागा जातेय," आत्या म्हणाली. "त्याची होडी जातेय, माझा खुंट जातोय. आणि तुमची तीन मिनिटं झाली."

मग रीतीप्रमाणे बंदर वाचवायची समिती निघाली. माझ्याकडे स्कॅनर असल्यामुळे मी चिटणीस झालो. इतर पात्रता कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही. पहिल्या बैठकीत लेटरहेडवर होडी असावी की दीपस्तंभ यावर वाद झाला. दुसऱ्या बैठकीत तोच वाद पुढे चालला. तिसरीला उपाध्यक्षांची संख्या सभासदांहून जास्त झाली. कार्यकारिणीतल्या एकाने मनोऱ्यात समुद्राकडच्या बाजूचा फ्लॅट बुक केल्याचं कळलं, तेव्हा तो म्हणाला, "लढा आपल्या जागी, गुंतवणूक आपल्या जागी." आत्या दारात उभी राहून ऐकत होती. "असू दे," म्हणाली आणि निघून गेली. पूर्ण समितीला मिळून एकच 'असू दे' मिळालेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

आमचे अर्ज, हरकती, निवेदनं जात राहिली आणि जिथे जातात तिथे गेली. कंपनीने भूमिपूजन जाहीर केलं. धक्क्यावरच मांडव, लाल खुर्च्या, आणि गावाला जेवण. शिवाय कोणीतरी साहेबांना सांगितलं होतं की कोकणात काम सुरू करायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतं, म्हणून गावच्या मानकऱ्याला, तात्यांना, बोलावलं होतं. इथल्या लोकांना सांगायला नको: मानकरी नारळ हातात धरून देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक मागणीला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गावाने म्हटलं तर गाऱ्हाणं पुढे जातं. साहेबांच्या कार्यक्रमपत्रिकेत ते 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदरात होतं, लेझीम आणि आभारप्रदर्शनाच्या मधे.

समितीचं मत बहिष्कार टाकावा असं होतं. आत्याने ते तीन मिनिटंही ऐकलं नाही. "फुकट जेवणावर बहिष्कार? या गावाचा? निम्मे मागच्या दाराने शिरतील." मग ती स्वतः घरोघर फिरली. बंदराकडची सगळी घरं, राजिवड्याची गल्ली, वरची आळी. प्रत्येक उंबऱ्यावर तेच: "जा. चांगले कपडे घालून जा. जेवा पोटभर. फक्त हुंकार देऊ नका. पलीकडून आवाज आला नाही तर कॉल लागत नाही."

हसनमियां म्हणाले, "आत्याबाय, आमी काय करूचा? आमचा हुंकार तसापन त्यात नसतो."

"तू उभा राहा नि बघ. बघायला माणूस लागतं."

भूमिपूजनाला गाव लोटलं. साहेब खूश. तात्यांनी फेटा सारखा केला, नारळ उचलला आणि माइकसमोर खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्या बंदरावर ही मंडळी काम काढतायत, त्या कामाला तुजी राखण ऱ्हावू दे रं म्हाराजा!"

आणि थांबले. गाव गप्प.

आता माझं सांगतो. माझं तोंड उघडलं होतं. ठरलेलं सगळं माहीत असून, स्कॅनरवाला चिटणीस असून, जन्मभराच्या सवयीने ओठांवर 'व्हय' आलेलं होतं. आत्याने त्याच क्षणी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला. तो तिने घरूनच आणला होता. माझी पारख तिला किती नेमकी होती, याचा एवढा पुरावा पुरे.

तात्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. समुद्राचा आवाज ऐकू येत होता. साहेब शेजारच्या पाहुण्यांच्या कानाशी लागले, पण माइक जवळ असल्याने आम्हां सगळ्यांना ऐकू आलं: "बघा, किती भक्तिभाव आहे. एवढी शिस्त मी कुठे पाहिली नाही." तिसऱ्यांदाही हुंकार आला नाही, तेव्हा तात्यांनी नारळ खाली ठेवला. "साहेब, पुढं न्हाय जात."

खालून कोणीतरी साहेबांना खरा प्रकार समजावला. साहेबांनी सूत्रसंचालक पोराला बोलावून सांगितलं, लोक बोलत नसतील तर हे तात्या थांबले की प्रत्येक वेळी तू माइकवर 'होय महाराजा' म्हण. पोरगं पुण्याकडचं, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माइक. त्याने मान डोलावली.

तात्यांना ते काही ठाऊक नव्हतं. ते साहेबांकडे वळून, हात जोडून, पण माइकच्या समोरच, मनापासून म्हणाले, "साहेब, राग मानू नका. ह्या गावाला हे काम नको हाय."

आणि थांबले.

"होय महाराजा!" लाउडस्पीकरमधून पोरगं गरजलं.

क्षणभर कोणालाच कळेना. मग पाठीमागून एका बाईने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग दुसरीने. मग सगळा मांडव, लाल खुर्च्या, पंगतीच्या आशेने आलेले उपाध्यक्ष, कडेला उभे असलेले हसनमियां, सगळे एका दमात: "व्हय म्हाराजा!" धक्क्यावरचे कावळे उडाले. मीसुद्धा ओरडलो, खोबऱ्यासकट. तात्यांनी नारळ उचलला आणि आता गाऱ्हाणं पुरं झालं म्हणून रीतीने फोडला. एक भक्कल साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते रुमालात घेतलं.

आत्या फक्त म्हणाली, "लागला." आणि जेवायला पानावर बसली. जिलबी तिला बरी वाटली नाही.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतला एकही माणूस त्या कामावर येईना. गाव नको म्हणालं आणि वर नारळ फुटला, आता त्यात कुदळ कोण मारणार? बाहेरून आणलेले मजूरही चार दिवसांत ही कथा ऐकून निघून गेले. प्रकल्पाचा फेरविचार चालू असल्याचं कंपनीने कळवलं. पत्र्याचं कुंपण गंजलं. समितीने विजयी मेळावा घेतला आणि त्यात आत्याचं नाव घ्यायला विसरली. आत्या तेव्हा धक्क्यावर होती, हसनमियांच्या दोरावरून भांडत.

गेल्या थंडीत ती गेली. आजार म्हणावा असा नव्हता. दवाखान्यात डॉक्टर तिला पथ्य समजावत होते, बराच वेळ. तिने त्यांचं पुरं ऐकून घेतलं. तेव्हाच मला समजलं की आता काही खरं नाही.

परवा संध्याकाळी मी धक्क्यावर होतो. खुंटावर नाही, खाली दगडावर. फोन आला. तेच साहेब, तोच गोड आवाज. कंपनी आता नव्या नावाने येते आहे, फक्त बारा मजले, आणि त्यांच्या मनात एक हृद्य कल्पना आली आहे: मनोऱ्यापुढच्या बागेला आत्याचं नाव. ती बसायची तिथे संगमरवरी बाक, तिचा फोटो. समितीच्या उपाध्यक्षांचे डोळे म्हणे पाणावले. सगळ्यांचा होकार आहे. "आता कुटुंबाकडून तुम्ही एक शब्द 'हो' म्हणालात की झालं. तुमच्या आत्याबाईंना केवढा आनंद झाला असता, नाही का?"

माझं तोंड उघडलं. सवय वाईट. या खेपेला खोबरं कोंबायला कोणी नव्हतं. तोंड माझं मलाच मिटावं लागलं.

"हॅलो?" साहेब म्हणाले. "ऐकताय ना? हॅलो? हॅलो?"

पलीकडे घंटेसारखं ते हॅलो वाजत राहिलं. समोर वाळूत हसनमियां आणि त्यांचा मुलगा होडी वर ओढत होते. मी फोन खिशात घातला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोराला हात लावला.

"कोनाचा फोन होता?" हसनमियांनी विचारलं.

"कोणाचा नाही," मी म्हटलं. "लागलाच नाही."