भाऊजींची निळी रेघ

हिमालयाची इतकी काळजी वाहणारा आणि थंडीला इतका भिणारा माणूस आमच्या भाऊजींशिवाय दुसरा झाला नसेल. माझ्या मोठ्या बहिणीचे हे यजमान मूळचे कामरगावचे. तिथे बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबतासाठी लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी. पण सत्तरच्या दशकात त्यांना देहरादूनच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, आणि काम मिळालं ते उपग्रहाने आकाशातून घेतलेल्या फोटोंत हिमालय न्याहाळण्याचं. डोळ्याला भिंग लावायचं आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे तिकडे सप्टेंबरात, बर्फ कुठवर उरला, ती रेघ निळ्या पेन्सिलीने आखायची. वर्षानुवर्षं रेघ वर सरकत राहिली, तर हिमनदी आटते आहे असं समजायचं. हे सगळं ते टेबलाखाली शेगडी ठेवून आणि कानांना मफलर गुंडाळून करत, असं ताई सांगायची. कचेरीतली माणसं दरवर्षी पहाडावर जात. भाऊजींना नेमकं तेव्हाच पडसं होई.

मे महिन्यात ते सुट्टीवर आमच्या आसेगावला येत आणि रणरणत्या उन्हात सुखाने पाय पसरत. एकदा त्यांनी कचेरीत खराब ठरलेला एक फोटो आणला. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"जवाईबापू, हे लाल काय हाय? मिरच्या वाऊ घातल्या काय?"

"जंगल हाय मामाजी. उपग्रहाच्या फोटोत झाडं लाल दिसतात."

"मंग त्याले अगुदर डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा!"

भाऊजींना मात्र हसण्यापेक्षा समजावण्याची हौस दांडगी. नवा बर्फ पडला की खरी रेघ झाकली जाते, म्हणून पाहायचं ते नेमक्या हंगामात, हे पटवायला त्यांनी बाबांचंच टक्कल पडत चाललेलं डोकं पुढे घेतलं. "आता तेल लावू नका मामाजी, केस चपटून रेघ झाकते. कोरडं असतानीच पाहू द्या." मग मान तिरकी करून त्यांनी निकाल दिला, "मागच्या मे महिन्यापक्षा बरीच वर सरकली." त्या दिवसापासून जावई घरात असेतोवर बाबांनी डोक्यावरची टोपी काढली नाही.

त्याच बाबांनी एकदा सरळ विचारलं, "असं किती वर्सं पाहा लागते?"

"चाळीस-पन्नास तं पाह्यलीच पाह्यजे."

"मंग निकाल लागीन तवा तुमी कुठं असान?"

"नसन मी. पन पहिली रेघ तं कोनी मारली पाह्यजे ना?"

बाबा सुपारी कातरत बसले.

पुढे त्या रेघेनेच भाऊजींना अडचणीत आणलं. एका हिमनदीवर त्यांनी रेघ बरीच वर आखली. जुन्या नकाशात बर्फ फार खालपर्यंत होता. साहेब म्हणाले, पेन्सिल घसरली असेल. भाऊजींना ते फार लागलं. तोवर पहाडाचं नाव काढताच शिंकणारा हा माणूस म्हणाला, "येत्या सप्टेंबरात मी स्वतः जातो."

तयारी अर्थातच आसेगावला झाली. भर मे महिन्यात लोकरीचे मोजे आणि स्वेटर घालून ते रोज गावामागच्या टेकडीवर चढू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना बाजेवर घालून आणावं लागलं. माय तळपायांना कांदा चोळता चोळता कडाडली, "बर्फात जायाले निंगाला अन् माणूस उनानं मरून राह्यला होता!" तरीही तिने रात्री बसून एक जाड गोधडी शिवली, आणि ती त्यांनी खरंच हिमालयात नेली.

पुढच्या मे महिन्यात ते आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो. हळूहळू कळलं, की अर्धी चढण खेचरावर आणि उरलेली दोघांच्या खांद्यांवर हात टाकून झाली. नकाशातल्या बर्फाच्या जागी उघडे दगडगोटे होते, आणि बर्फ सुरू झाला तो भाऊजींनी आखला होता तिथेच.

"म्हंजे तुमचीच रेघ खरी निंगाली!" बाबा खुशीत म्हणाले.

"निंगाली. साहेबानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली." भाऊजी चहाच्या कपाकडे पाहत राहिले. "एका सालावरून पक्कं काई म्हनता येत नाई, मामाजी. पन चुकली असती तं बरं झालं असतं."

मी विचारलं, "मंग तिथं तुमी केलं काय, भाऊजी?"

"इतकी वर्सं हिमालयाले वरूनच पाह्यलं होतं. समोर उभा राह्यलो तं काई सुचेना. हात जोडून जय भीम म्हनलं."

घर हसलं. मायने तर पदर तोंडाला लावला. मीही चेष्टेने म्हणालो, "मंग, तो काय म्हनला?"

भाऊजी हसले नाहीत.

"काई नाई. बर्फाच्या आतून पानी वाहून राह्यलं होतं. तेच आयकत बसलो."