पायघड्या

माझ्या आबांच्या घोंगडीवर पहिला बूट पडला तो आमच्या क्लबच्या अध्यक्षांचा. दुसरा अमेरिकेच्या पाहुणीचा. मग कमिटीतले, मग त्यांच्या घरचे. मी बाजूला ओवाळणीचं ताट धरून उभी. अंगात टीमची जर्सी. काळ्या लोकरीवर मैदानातल्या फक्कीचे पांढरे ठसे उमटत होते आणि ढोल वाजत होता.

आम्ही धनगर. फुलंब्रीच्या पुढं आमची वस्ती. घोंगडी आमच्यात देवासाठी अंथरतात. तिच्यावर भंडारा उधळतात. तिच्यावर बसून भाऊबंदकीचे तंटे मिटवतात. तिच्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. पायताण घालून तिला ओलांडतसुद्धा नाहीत.

आदल्या आठवड्यात अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. "बाई अमेरिकेची हाय. सत्काराला आपल्या मातीतलं कायतरी पायजे. तुझ्या घरची घोंगडी आण." मी हरखले. वाटलं, पाहुणीच्या खांद्यावर घालणार. आबांना तसंच सांगितलं. त्यांनी ती झटकली, उन्हात घातली, घडी करून दिली. म्हणाले, "मान हाय ह्यो, पोरी. दोन्ही हातांनी दे." मी दोन्ही हातांनीच दिली. क्लबवाल्यांनी ती मैदानाच्या फाटकात अंथरली. पायघड्या म्हणून.

पाहुणीचं नाव कीशा. महिनाभर आम्हाला बास्केटबॉल शिकवायला आली होती आणि त्या दिवशी तिचा निरोप होता. उंच, काळी, गुडघ्याला पट्टा. तिच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये तिला जागा मिळाली नाही, म्हणून ती तरुणपणीच बाहेर पडली. तुर्कस्तान, पोलंड, आणखी कुठं कुठं. हंगाम संपला की बॅग भरायची. नवा क्लब, नवी भाषा, तोच बॉल. एका गावात जत्रेच्या दिवशी पोरं तोंडाला काळं फासून तिच्याभोवती नाचली होती, तिच्यासारखं दिसायला. तिनं मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण तेवढं मला नीट कळलं.

फोटोवाला ओरडला, "साहेब, फोटो हालला." अध्यक्ष मागं वळले. "चला, पुन्हा एकदा."

मी ताट खाली ठेवलं. घोंगडी उचलली.

"साहेब, हिच्यावर बूट घालून चालत नायत. देवाची हाय ही."

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "अगं, मेंढराच्या केसाचीच हाय ना? धुऊन देऊ की. अंथर."

सगळे हसले. माझ्या टीममधल्या पोरीसुद्धा. अध्यक्षांना खरंच वाटत होतं की ते आमचा मान करतायत. आमचा मान त्यांच्या पायाखाली, आणि वर आम्ही त्यांचे आभार मानायचे.

राज्याच्या निवड चाचणीला क्लबकडूनच नाव जायचं. त्यावर सही अध्यक्षांची. यंदा माझं नाव जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती चाचणी हवी होती. फार हवी होती. रोज पहाटेच्या एसटीनं मी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या क्लबपर्यंत कशासाठी येत होते?

कीशाला काय झालं ते कळलं. ती जवळ आली, हळू म्हणाली, "अंथर. हस. एक फोटो, मग विसरून जा. मी प्रत्येक देशात हसले, म्हणून दर वर्षी कुठून तरी बोलावणं आलं."

मला तिचा राग आला. मग वाईट वाटलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे जगवून गेलं तेच ती मला देत होती. मग मला भीती वाटली. आज अंथरली, तर तिच्या वयाची होईपर्यंत मी अशीच हसत राहणार.

"नाय अंथरणार," मी म्हणाले.

आता अध्यक्षांचं हसू गेलं. "मंग जर्सी काढून दे. तुझं नाव जाणार नाय. जा, मेंढरं राख."

"मेंढरं राखायची लाज नाय मला. जर्सी धुऊन पाठवते. दुसऱ्याची वस्तू मळवून परत देत नायत आमच्यात."

कुणी हसलं नाही. मी घोंगडी खांद्यावर टाकून फाटकातून बाहेर पडले. एसटीत खिडकीला तोंड लावून रडलेसुद्धा. ते लपवायचं कशाला?

आबांनी ठसे बघितले. मग म्हणाले, "तू उचललीस ना?"

"व्हय."

"मंग बास झालं."

त्यांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. माझी चाचणी गेली, ती गेलीच. कुणी ती परत दिली नाही. आता वस्तीवरच्या पोरी घेऊन मी शाळेच्या पटांगणात खेळते. रिंग आम्हीच खांबाला ठोकली. पोरी आधी लाजायच्या, आता कोपर मारतात. टीमची नोंदणी आमच्या नावानं होणार. कुणाच्या सहीसाठी दारात उभं राहायचं नाही, आणि कुणी हस म्हटलं म्हणून हसायचं नाही, हे मी त्यांना बॉल धरायच्या आधी शिकवते.

परवा क्लबचा माणूस आला होता. अध्यक्षांचा निरोप घेऊन. माफी माग, टीममधली तुझी जागा अजून मोकळी आहे.

मी म्हणाले, "साहेबांना सांगा, येते म्हणावं. माफी मागायला नाय. हरवायला."