माळ्यावरचे डबे

ती केस अजून लक्षात आहे. मुद्देमाल बेताचाच होता, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, तेवढंच. पण आरोपीने आपण होऊन दिलेली कबुली मोडून काढायची वेळ पोलिसांवर सहसा येत नाही. माझ्यावर आली.

तेव्हा मी रोह्याच्या बाजूला एका ठाण्याची प्रभारी होते. भात झोडून झालं होतं, वाल पेरून वर आले होते. अशा दिवसांत ठाण्याला काम कमी. बांधाची भांडणं, मोटारसायकलींचे अपघात, कंपनीच्या गेटवरची बाचाबाची. एका दुपारी अष्टमी गावच्या बाजारातून परतणारी एक बाई मासळीची पिशवी हातात घेऊन आत आली आणि माझ्या टेबलाशी वाकून म्हणाली, "मॅडम, माझं नाव कुठं यायला नको."

"आधी काय ते सांगा."

"शेजारच्यांच्या माळ्यावरून वास येतो. देवळामागं ते बाबा लोक ओढत बसतात ना, तसला."

"कधी येतो?"

"रोज सांजच्याला. वरची खिडकी उघडते, घटकाभर वास सुटतो, मग बंद. एक दिस चुकत नाय."

खबर देणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत असे, तो तिलाही विचारला. "तुमचं त्यांच्याशी भांडण आहे का?"

"हाय तर! बांधावरून हाय. पण भांडणाला असला वास येतो का मॅडम?"

भांडण लपवणाऱ्यापेक्षा कबूल करणाऱ्याची खबर बहुतेक वेळा खरी निघते. माहिती लेखी घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवलं. अमली पदार्थांच्या कायद्यात कागद आधी आणि पाय नंतर. एक पायरी चुकली की कोर्टात सगळं कोसळतं. दोन पंच, वजनकाटा, लाख, सील, पाकिटं घेऊन आम्ही दिवसाउजेडी निघालो. अमली पदार्थ शाखेतला एक मुरलेला हवालदार सोबत घेतला.

घरात तिघं. सासू विधवा, साठीची. लोणची घालणारी म्हणून तिचं नाव रोह्यापासून पेणपर्यंत होतं. पूजेला, लग्नाला लोक तिच्याकडूनच बरण्या नेत, कारण तिचं लोणचं सोवळ्यातलं, ही सगळ्यांची खात्री. मुलगा कंपनीत दिवसपाळीला जाणारा. सून वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, बाप मिठागरावर कामाला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

माळ्यावर जायचा जिना सासूच्या झोपायच्या खोलीतून निघत होता. आम्ही जिन्याशी गेलो तशी ती आडवी आली.

"चपला काढा! वर लोणचं हाय!"

गणवेशातली माणसं बूट काढून रांगेत उभी राहिली. आमचा एक शिपाई पुटपुटला, "मॅडम, आरती कुठाय?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग सासूने आमच्या महिला शिपायाला अडवलं आणि सगळ्या पुरुषांदेखत विचारलं, "तू निर्मळ हायस ना गो? नायतर चढू नको."

ती पोरगी कानापर्यंत लाल झाली. मी म्हटलं, "ती ड्युटीवर आहे. चढ गं तू." म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. मला तिचा रागच आला होता, हे खरं.

वर भिंतीलगत चिनीमातीच्या बरण्या फडक्यांनी तोंडं बांधून ओळीने ठेवलेल्या. त्यांच्यामागे घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. रुखवतात देतात तसले, प्रत्येकावर सुनेचं नाव मशीनने कोरलेलं. पहिलं झाकण उघडलं, आत गांजा. खबर खरी निघाली. परसात गोठ्यामागे कापलेल्या झाडांचे बुंधे मातीत तसेच होते. घरचंच पीक.

हवालदाराने डब्यात डोकावून वास घेतला, बोटाने चाचपलं. "मॅडम, हा घाईचा माल नाही. विकणारा गोणीत कोंबतो आणि मोकळा होतो. ह्याने मुरवायला ठेवलाय. नवीन असताना रोज झाकण काढून वारा द्यावा लागतो, खाडा झाला की बुरशी धरते. इथं एक ठिपका नाही. लेकरासारखा सांभाळलाय."

"म्हणजे वर्षाची बेगमी."

"तेच की. लोक वाल भरतात, ह्यानं हे भरलं."

मुलाने जमिनीकडे बघत सांगितलं, "मला काय म्हायती नाय. मी शिफ्टला असतो." सासू म्हणाली, "डब्यावर नाव कोनाचं हाय ते वाचा की." आणि मी सुनेकडे वळायच्या आत सून म्हणाली, "माझं हाय. मीच लावलं, मीच भरलं."

पंचनामा, वजन, नमुने, सील, सह्या यात दिवस कलला. मावळतीनंतर बाईमाणसाला अटक करायची नाही, हा नियम त्या दिवशी मला सोयीचा वाटला. घरावर पहारा बसवला, महिला शिपायाला तिथेच ठेवलं आणि सकाळी तिघांनाही ठाण्यात बोलावलं.

ठाण्यात सगळे खूश होते. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पण नाव कोरलेले डबे, परसातले बुंधे आणि घरच्याच दोघांचे जबाब एवढ्यावर त्या पोरीवर दोषारोपपत्र सहज उभं राहिलं असतं. झाडं लावणं आणि बाळगणं, दोन्ही तिच्या अंगावर. या कायद्यात शिक्षा महिन्यांत मोजत नाहीत. ती बाहेर आली असती तेव्हा तिच्या बरोबरीच्या बायकांची पोरं शाळा संपवत आली असती.

मला खटकत होतं ते इतकंच, की ती फार लवकर बोलली. खरा गुन्हेगार आधी नाही म्हणतो, मग रडतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. आपण होऊन मान पुढे करणारं माणूस बहुधा कुणाच्या तरी वाटेत उभं असतं.

सकाळी तिचा बाप आला. वडखळपर्यंत मिनीडोर रिक्षा आणि पुढे एसटी. मिठाने चिरलेले पाय, हातात टोपी. दारातूनच म्हणाला, "गो बाय, खरा काय ता सांग."

"सांगितलाय बाबा."

"आसा खाली बगून कोन खरा सांगतंय?"

मी बापाला बाहेर बसवलं, महिला शिपायाला आत घेतलं आणि दार लोटलं. सासू आणि नवरा बाहेरच्या बाकावर.

बी कुठून आणलं? बाजारातून. कुणाकडून? आठवत नाय. कशाला? झोप येत नाय म्हणून. उत्तरं पाठ केलेली होती आणि फार चांगली पाठ केलेली नव्हती. मी वही मिटली.

"डबे रोज उघडायचीस?"

"व्हय."

"वर जाऊन?"

"व्हय. सांजच्याला."

"रोज?"

"रोज."

"अडचण असताना पण?"

तिने एकदम दाराकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून कायदा, तुरुंग, कोर्ट हे शब्द तिच्यासमोर कितीदा उच्चारले गेले होते. चेहरा हलला नव्हता. आता मात्र घाबरली.

"हळू बोला ना मॅडम. त्या बाहेर बसल्यात."

"मग सांग. अडचणीचे चार दिवस माळ्यावर जायचीस?"

"नाय हो! कशी जाईन? जिन्याला हात नाय लावायचा मला. मागल्या पडवीत बसते मी."

"मग त्या चार दिवसांत डबे कोण उघडत होतं?"

महिला शिपाई भिंतीकडे बघत होती. शेवटी पोरगी म्हणाली, "ते बोलले, तू बाईमानूस हायस, तुला सोडतील. मी आत गेलो तर कंपनीतली नोकरी गेली, मग आई खाईल काय नि तू खाशील काय."

"आणि तुला पटलं?"

"माघारी गेले तर बाबाच्या उरावरच ना, मॅडम."

सांगून ती मोकळी झाली असं वाटलं, पण लगेच म्हणाली, "हे मी कोर्टात नाय बोलणार." आणि ती खरंच बोलली नसती. नवऱ्याविरुद्ध तिचा शब्द मला मिळणार नव्हता. दुसरा रस्ता बाहेर बाकावर बसला होता.

मी सासूला आत बोलावलं, चहा मागवला. ठाण्यातला कप बघून तिने तो बाजूला सारला. मी लोणच्याचं विचारलं. कैरी कुठची, मीठ कुठलं, बरणी किती दिवस हलवायची. मग म्हटलं, "काकू, हल्लीच्या सुना काही पाळत नाहीत म्हणे."

"दुसऱ्याच्या नसतील पाळत. माझ्या घरात सगळं पाळतात."

"चार दिवस बाजूला बसते?"

"बसते म्हंजे? जिन्याशी मी निजते. माझ्या अंगावरून जाईल का ती? पाचव्या दिवशी न्हाऊन आली की मग वर."

"कधी चुकून, तुमचा डोळा लागल्यावर?"

"मॅडम, माझ्या माळ्यावर चुकून बी कोन चढत नाय." मला खात्री देण्यासाठी तिने आणखी सांगितलं, "त्या दिवसांत वरचं काय हवं असलं तर मी नायतर माझा लेक. तो रोज चढतोच. बरण्यांचं फडकं बघून येतो बिचारा."

महिला शिपाई लिहायची थांबली. मी तिला खुणेने लिही म्हटलं. म्हातारी स्वतःच्याच बोलण्यावर समाधानी होती. आपण काय दिलं हे तिला कळलेलं नव्हतं.

मुलाला मी फार विचारलं नाही. "बायको पडवीत बसलेली असताना डबे कोण उघडायचं?" एवढंच. त्याने आधी शेजारणीला शिव्या दिल्या, मग बायकोला. मी त्याचा फोन तपासला. त्याच्या फोनमध्ये परसातल्या झाडांचे फोटो होते, रोपं वीतभर असल्यापासूनचे, आणि कंपनीतल्या मित्रांना पाठवलेलेही. वर्षभर बाहेरून आणायला लागू नये म्हणून घरीच केलं, म्हणाला. बायकोचे डबे का घेतले? "झाकण घट्ट बसतं." हे सांगताना त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही. अटक केली, पत्नीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल तयार करायला घेतला.

पण फोटो झाडांचे होते, डब्यांचे नव्हते, आणि त्याच्या वकिलाने नेमकी तीच फट धरली. झाडं त्याची असतील, पण माळ्यावरचा माल बायकोचा, नाव तिचं, कबुली तिची. आता सासूचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर होणं भाग होतं. तिथे ती फिरली असती तर त्या पोरीला मी सोडवू शकले नसते.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तिला समजावायला नात्यातला एक माणूस आला होता. मी खांबाआड होते, पण तो आवाज खाली ठेवायच्या फंदात पडला नाही. "वहिनी, एक वाक्य बोलायचं. ती त्या दिवसांत पण चोरून वर जायची, मला नंतर कळलं. बस. पोरगा सुटेल."

म्हातारी पदराचं टोक पिळत होती. तिला तोवर सगळं कळलं होतं. मग म्हणाली, "माझ्या माळ्यावर विटाळ गेला, असं मी बोलू?"

"पोटच्या पोरासाठी, वहिनी."

"लोकांच्या देवापुढं ठेवलंय माझं लोणचं."

आत जाऊन तिने मॅजिस्ट्रेटला, मला सांगितलं होतं तसंच्या तसं सांगितलं. सून त्या दिवसांत जिन्याला शिवत नाही. मुलगा रोज चढतो. पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या समोरून ती गेली तेव्हा तो "आये" म्हणाला. ती थांबली नाही.

फाटकाशी सून बापाबरोबर उभी होती. सासू तिच्याजवळ गेली. "घरी चल गो. वाल तोडायला आलेत."

सुनेने विचारलं, "आई, माझ्यासाठी बोललात की लोणच्यासाठी?"

"खरं बोलले. त्याला आनी कशाला काय लावतेस?"

पोरीने वाकून सासूच्या पायांना हात लावला आणि बापाच्या मागे चालू लागली. म्हातारी एकटीच रोह्याच्या गाडीत बसली.

या केसने मला शिकवलं ते कामाचं आहे. घरातला माणूस काय सांगतो ते लिहून घ्याच, पण ते घर कसं चालतं हे आधी विचारा. कोण कुठे निजतं, कुणाला कुठे जायची मुभा नाही, कशाला कोण शिवत नाही. बायका अधिकारी झाल्या की त्यांनी पुरुषांसारखं वागावं असं मला सुरुवातीला वाटायचं. ठाण्यातल्या कुठल्याही पुरुषाला तो प्रश्न सुचला नसता, आणि सुचला तरी त्याच्या तोंडून निघाला नसता.

दुसरं जे आहे ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही. ते पाळणं मी माझ्या घरात कधी ठेवलं नाही, मुलीलाही ठेवू दिलं नाही. एका धडधाकट पोरीला महिन्यातून चार दिवस पडवीत बसवणं हा अन्यायच आहे, हे माझं मत आजही तेच. पण कायद्याने तिला जवळजवळ आत टाकलं होतं, नवऱ्याने तर टाकलंच होतं, आणि तिला बाहेर काढलं ते त्या पडवीने. त्या दिवशी फाटकाशी सासूला जो प्रश्न सुनेने विचारला, तो मीही बरेचदा स्वतःशी विचारला आहे. उत्तर मिळालेलं नाही. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला ते का बोलला हे विचारायची पोलिसांना गरज नसते. एवढ्यावर मी थांबते.